आधी पोट मोकळं, मग पॉटी

मूल दोन वर्षांचं झालं की येणारा-जाणारा विचारू लागतो, 'अजून डायपरच का?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्या आईला उगाच वाटायला लागतं की आपण मागे पडलो. त्यात जूनमध्ये प्लेग्रुप सुरू व्हायचा असेल आणि प्रवेशाच्या कागदावर 'मुलाला शी-शूची सवय लागलेली असावी' अशी अट असेल, तर घरातली सगळी मोठी माणसं त्या एकाच कामाच्या मागे लागतात. आमच्याकडे डोंबिवलीला तसंच झालं. त्या काळात माझ्या लेकीला जे सोसावं लागलं, ते दुसऱ्या कुठल्या लेकराच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. मुलाला पॉटीवर बसायला शिकवण्याआधी त्याची शी मऊ होते आहे ना, न दुखता होते आहे ना, हे बघा. होत नसेल तर शिकवणं बाजूला ठेवा आणि आधी पोटाकडे लक्ष द्या. शी कडक होत असताना मुलाला पॉटीवर बसवलं, तर पॉटी म्हणजे दुखणं एवढंच ते शिकतं.

घडलं ते असं

लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. शू सांगायला ती पटकन शिकली. त्याच सुमारास तिचं अंगावरचं दूध सुटलं आणि त्याच्या जागी बाटलीतलं गाईचं दूध आलं. दिवसभर दूध, अधूनमधून बिस्किटं, आणि जेवायला बसली की दोन घास खाऊन तोंड फिरवायची. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणीही पुरेसं पोटात जात नव्हतं. अशात एकदा तिला शी करताना खूप दुखलं. शी कडक होती, वर रक्ताची बारीक रेघ होती. त्यानंतर ती शी करेनाशी झाली.

करेनाशी झाली म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण भल्याभल्यांची फसगत इथेच होते. ती सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड जाऊन उभी राहायची. चवड्यांवर उभी, पाय आवळलेले, अंग ताठ, चेहरा लालबुंद. बघणाऱ्या कोणालाही वाटावं, पोर कुंथते आहे. 'कर बाळा, लाव जोर,' असं आम्ही म्हणायचो. प्रत्यक्षात शी बाहेर येऊ नये म्हणून ती सगळा जोर लावत होती. थोड्या वेळाने कळ ओसरायची आणि ती पुन्हा खेळायला लागायची. असे कैक दिवस जायचे, आणि मग कधीतरी रडून-ओरडून एकदाच मोठी, कडक शी व्हायची. म्हणजे तिची भीती खरीच ठरायची.

पुढे चड्डीला डाग पडू लागले. पातळ, घाण वासाचे, दिवसातून अनेकदा. हिचं पोट बिघडलंय, असंच सगळ्यांचं मत पडलं. सासूबाईंनी दूध बंद करून पेज आणि डाळिंबाचा रस सुरू केला. औषधाच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी जुलाब थांबवायचं औषध काढून पुढ्यात ठेवलं. 'देण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू या,' असं नवरा म्हणाला. ते औषध दिलं गेलं नाही, हे आमचं नशीब. कारण अशा वेळी आतड्याची हालचाल मंदावणारं औषध दिलं की साठलेलं आणखी साठतं.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी तिला झोपवलं, बोलत बोलत पोट चाचपलं आणि माझा हात धरून बेंबीच्या खाली डावीकडे ठेवला. आत घट्ट गोळा लागत होता.

"हे जुलाब नाहीत," त्या म्हणाल्या. "शी आत साठून कडक झाली आहे आणि तिच्या कडेने पातळ झिरपतंय. हिला ते कळतही नाहीये. पॉटीची शिकवणी चालू आहे का सध्या?"

मी हो म्हटलं.

"मग ती थांबवा. डायपर परत लावा. आधी पोट मोकळं करू, शाळेचं नंतर बघू."

सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी विचारलं, "अहो डॉक्टर, डायपर परत लावलं तर लागलेली सवय मोडेल ना?"

"आजी, आत्ता हिला जी सवय लागली आहे, ती शी धरून ठेवायची आहे. तीच मोडायची आहे आपल्याला."

पोटात काय चाललेलं असतं

डॉक्टरबाईंनी तेव्हा जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते प्रत्येक आई-बाबांना माहीत असायला हवं. मळ मोठ्या आतड्यातून गुदाशयात उतरला की गुदाशयाची भिंत ताणली जाते आणि आपल्याला शी लागल्याचं कळतं. गुदद्वाराशी दोन स्नायू असतात. आतला आपोआप सैल होतो, त्यावर आपला ताबा नसतो. बाहेरचा आपल्याला हवा तेव्हा आवळता येतो. दीड-दोन वर्षांच्या पुढे मुलाला या बाहेरच्या स्नायूवर ताबा येऊ लागतो. याच ताब्यामुळे ते पॉटीवर पोहोचेपर्यंत धीर धरायला शिकतं. आणि एकदा दुखलं, मनात भीती बसली, की त्याच ताब्याने ते शी अडवायलाही शिकतं.

अडवलेली शी आत पडून राहते. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, म्हणून ती आणखी कडक होते. तिच्यात रोज नवी भर पडते, म्हणून ती आणखी मोठी होते. मग बाहेर येताना आणखी दुखतं, कधी गुदद्वाराला चीर पडते, आणि मूल पुढच्या वेळी आणखी नेटाने अडवतं. हे महिनोन् महिने चाललं तर गुदाशय सैलावतो आणि शी लागल्याची जाणीवच बोथट होते. पन्हळीत पाला अडकला की पाणी जसं फटीतून वाट काढत राहतं, तसा वरचा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपतो आणि चड्डीत येतो. मुलाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून 'परत चड्डीत केलीस?' असं रागावण्यात काही अर्थ नसतो. त्याने ती केलेलीच नसते.

याचा त्रास शूलाही होतो. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो. त्यामुळे मूल थोडी थोडी, सारखी शू करतं, चड्डी ओली होते, लघवीचा जंतुसंसर्गही होऊ शकतो. शिकलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर आधी त्याचं पोट साफ होतंय का ते बघायला हवं, ते यासाठी.

आपल्याला वाटतं, मूल पॉटीला नकार देतं आणि त्यातून बद्धकोष्ठ होतं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. फिलाडेल्फियातल्या बालरोगतज्ज्ञांनी शी-शू शिकण्याच्या वयातल्या मुलांचा काही काळ मागोवा घेतला आणि २००४ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. पॉटीवर शी करायला नकार देणाऱ्या मुलांमध्ये कडक शीचा त्रास बहुधा नकाराच्या आधीच सुरू झालेला असतो. म्हणजे ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो दुखणं टाळण्याचा त्या जिवाला सुचलेला एकमेव उपाय असतो.

घाई कुठून येते

सासूबाईंच्या पिढीत बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की आजी पाय पसरून बसायची, बाळाला दोन्ही पावलांवर टेकवायची आणि तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज करायची. बाळ दूध पिऊन थोडा वेळ झाला की ही वेळ ठरलेली. त्यातलं पुष्कळ काही आजही घेण्यासारखं आहे. वेळ नेमाची, तीही पोटात काही गेल्यानंतरची, बसणं मायेच्या माणसाच्या पायांवर, आणि नाही झाली तर बाळ उचललं, संपलं. पण त्यात लक्ष ठेवणारी आजी असते, बाळ स्वतः काही ठरवत नसतं. दोन वर्षांचं मूल 'नाही' म्हणायला शिकलेलं असतं, धावून दूर जाऊ शकतं, आणि शी धरूनही ठेवू शकतं. म्हणून तान्ह्या बाळाची रीत मोठ्या मुलाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

घाईचा दुसरा उगम झटपट पद्धतींत आहे. अमेरिकेत १९७४ साली नेथन अ‍ॅझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या आत मूल शिकवण्याचं आश्वासन देणारं पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं. भरपूर पेय पाजायचं, पुन्हा पुन्हा पॉटीकडे न्यायचं, चड्डी ओली झाली तर सराव आणखी वाढवायचा, अशी ती रीत. शूच्या बाबतीत काही मुलांना ती चालते. पण शी धरून ठेवणाऱ्या मुलाला असा रेटा लावला की ते आणखी आवळून धरतं.

याच्या आधी, १९६२ साली, टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १,१७० मुलांच्या नोंदींवरून वेगळी वाट दाखवली होती. मुलाची तयारी दिसली की सुरुवात करायची, ते कचरलं की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. आजही बालरोगतज्ज्ञ बहुधा याच वाटेने जायला सांगतात. आमच्या डॉक्टरबाईंचा सल्लाही तोच होता.

तयारी कशी ओळखायची

सुरुवात वयावरून ठरवू नका, खुणांवरून ठरवा. साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान या खुणा दिसू लागतात. दोनेक तास चड्डी किंवा डायपर कोरडं राहतं. शी-शू होत असताना किंवा झाल्यावर मूल सांगतं, किंवा कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. 'चप्पल आण आणि बाबांना दे' अशी दोन टप्प्यांची सूचना त्याला कळते. चड्डी खाली-वर करायला ते स्वतः धडपडतं. ओलं किंवा घाण झालेलं त्याला नको वाटतं. मोठी माणसं बाथरूममध्ये काय करतात याचं त्याला कुतूहल असतं. बहुतेक मुलांना दिवसाचा ताबा तीन ते चार वर्षांच्या दरम्यान नीट येतो. कुणाला थोडा आधी, कुणाला थोडा नंतर.

या यादीत मी आणखी एक खूण घालीन, आणि ती सगळ्यात वर ठेवीन: निदान काही आठवडे शी रोज किंवा दिवसाआड, मऊ आणि न रडता होते आहे. शी कशी आहे ते बघायला लाजू नका. डॉक्टर यासाठी 'ब्रिस्टल' तक्ता वापरतात. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तो १९९७ साली मांडला, त्यात शीचे सात प्रकार आहेत. पहिला प्रकार सुट्या कडक लेंड्यांचा, दुसरा गाठी-गाठींचा जाड कडक, चौथा गुळगुळीत, मऊ, लांबट, आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा पातळ. पहिला-दुसरा प्रकार दिसत असेल तर शिकवणी सुरूच करू नका. चौथ्याच्या आसपास असेल तर रस्ता मोकळा.

दिवसही निवडून घ्या. घरात नवीन बाळ आलं असेल, घर बदललं असेल, मूल नुकतंच तापातून उठलं असेल, तर थांबा. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात सुरुवात केली की चड्ड्या वाळत नाहीत, आणि त्याची चिडचिड शेवटी मुलावर निघते. दिवाळीनंतरचे किंवा फेब्रुवारी-मार्चचे दिवस त्या मानाने सोयीचे.

पोट मोकळं करायचं आणि ठेवायचं

आत गोळा साठलेला असेल तर नुसतं खाणं बदलून तो निघत नाही, औषध लागतं. आमच्या लेकीला आधी साठलेलं काढायला आणि नंतर शी मऊ ठेवायला पाण्यात मिसळून द्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड दिली होती. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते. काही मुलांना लॅक्टुलोजचं सिरप देतात. किती आणि कशी द्यायची, ते वजन बघून डॉक्टरच ठरवतात. 'औषधाची सवय लागेल' ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते, आमच्याकडेही होती. ही औषधं तशी सवय लावणारी नाहीत. उलट शी जरा बरी होताच औषध बंद केलं की दुखणं उलटतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनात उपचार किमान २ महिने चालू ठेवावे, आणि त्रास पूर्ण थांबून महिना झाल्यावर औषध हळूहळू कमी करावं, असं म्हटलं आहे. आमच्याकडे ते त्याहून जास्त चाललं, आणि त्या चिकाटीचा उपयोग झाला.

घरगुती उपायांपैकी काही कृपा करून करू नका. गुदद्वारात साबणाची वडी सरकवणं किंवा तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ घालणं अजूनही ठिकठिकाणी चालतं. साबणाने आतल्या नाजूक त्वचेची आग होते, देठाने इजा होऊ शकते, आणि आधीच घाबरलेलं मूल त्या जागेला आणखी घाबरतं. मनाने एरंडेल पाजणं, दुकानातून एनिमा आणून घरी देणं, हेही टाळा.

आता खाण्याबद्दल. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त दूध पोटात गेलं की जेवणाला जागा उरत नाही, शी कडक होते, आणि रक्तातलं लोह कमी पडण्याचा धोका असतो. बाटली सोडवून पेल्यातून दूध दिलं की प्रमाण आपसूक कमी होतं. तंतुमय अन्नाचा ढोबळ हिशेब असा, की मुलाचं वय अधिक पाच, इतके ग्रॅम रोज. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला सुमारे ८ ग्रॅम. १०० ग्रॅम पेरूत साधारण ५ ग्रॅम तंतू असतात. घट्ट वरणात पालक किंवा चाकवत घालता येतो, भोपळ्याची भाजी, मुगाची खिचडी, पपई, वरणात कुस्करलेली भाकरी, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. नाचणीचं वस्त्रगाळ सत्त्व बाळासाठी ठीक, पण गाळताना कोंडा जातो. मोठ्या मुलाला नाचणीची भाकरी किंवा न गाळलेल्या पिठाची आंबील द्या. अंजीर आणि मनुका भिजवून कुस्करून द्या, अख्खे दिले तर लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. मैद्याची बिस्किटं, खारी, टोस्ट रोजच्या ताटातून कमी करा. पाण्याचा पेला मुलाच्या हाताला लागेल असा ठेवा.

बसवायचं कसं

औषधाने शी मऊ झाली आणि बरेच आठवडे न रडता होऊ लागली, तेव्हा आम्ही पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी पायरी-पायरीने. लेक पडद्याआड डायपरमध्येच शी करायची. आधी तिला सांगितलं, 'डायपरमध्येच कर, पण बाथरूममध्ये येऊन कर.' ते अंगवळणी पडलं तेव्हा डायपर लावून पॉटीवर बसून करायला सांगितलं. मग डायपर सैल केलं, मग नुसतं पॉटीत अंथरलं, आणि शेवटी काढलं. प्रत्येक पायरीला तिला लागला तेवढा वेळ दिला. कधी एक पायरी मागे आलो. डायपरशिवाय शी न करणाऱ्या मुलांसाठी ही रीत फार उपयोगी पडते, कारण त्यात मुलावर एका वेळी एकच नवी गोष्ट येते.

वेळ जेवणानंतरची धरा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, त्यामुळे नाश्ता आणि रात्रीचं जेवण यांच्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बसवणं सगळ्यात चांगलं. तीन ते पाच मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ बसवून ठेवलं की शिक्षा वाटते. मोबाइल हातात देऊ नका. मुलाचं लक्ष स्वतःच्या पोटाकडे हवं. गोष्ट सांगा, फुगा किंवा पिपाणी फुंकायला द्या. फुंकताना पोटाला आपोआप हलका जोर मिळतो.

पाय टेकलेले हवेत. कमोडवर नुसती छोटी सीट बसवली की मुलाचे पाय लोंबकळतात, पडायची भीती वाटते आणि खालचे स्नायू सैल सुटत नाहीत. पायांखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आणि अंग थोडं पुढे झुकलेलं, ही बैठक बरोबर. भारतीय संडासात उकिडवं बसण्याची बैठक नैसर्गिकच आहे, पण भांडं मोठं असल्याने लहान मूल घाबरतं. तिथे आधी जमिनीवरची पॉटी वापरा, आणि नंतर मोठ्या माणसाने समोर बसून हात धरावेत.

बारीकसारीक गोष्टींनीही मूल बिचकतं. जेटचा थंडगार फवारा अचानक अंगावर आला, तर दुसऱ्या दिवशी ते बाथरूममध्ये पाऊलही टाकत नाही. मगमधल्या कोमट पाण्याने हळू धुवा. फ्लशचा आवाज नको वाटत असेल तर मूल बाहेर गेल्यावर पाणी सोडा. मुलींना पुढून मागे धुवायची आणि पुसायची सवय लावा, म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. मुलांना सुरुवातीला शूसाठीही बसवा. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं, मुलाचे आणि आपलेही. लहान मुलाच्या शीने काही होत नाही, असा समज आहे, पण तिच्यातही रोगजंतू असतात.

घरच्यांनी काय बोलायचं

कौतुक करायचं ते बसल्याचं, झाल्याचं नाही. 'किती छान बसलीस' म्हणा. शी झाली नाही तर 'बरं, नंतर बघू' म्हणून उठवा. चॉकलेटचं आमिष शूला एक वेळ चालेल, पण ज्याला शी करताना दुखतं त्याला ते चॉकलेटही मिळत नाही आणि आपण वाईट आहोत असं मात्र वाटतं. चड्डीत झाली तर काही न बोलता धुवा, कोरडी चड्डी घाला. नाक मुरडणं, पाहुण्यांसमोर सांगणं, 'शेजारचा बघ कसा शहाण्यासारखा जातो' अशी तुलना करणं, हे घरात कुणीच करू नये.

हे सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. आजी-आजोबा, पाळणाघरातल्या ताई, घरी मूल सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांची रीत एकच हवी. आमच्या सासूबाईंनी ते मनापासून घेतलं. जेवणानंतर तिला घेऊन बसण्याचं काम त्यांनीच सांभाळलं, आणि ती शांतपणे पॉटीवर बसायला लागली त्याचं निम्मं श्रेय त्यांचं आहे. बाबांनीही हे काम करायला हवं. मूल ज्याच्याकडे निर्धास्त असतं, त्याच्यासोबत ते लवकर शिकतं.

रात्रीचा विषय वेगळा ठेवा. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही. रात्री लघवी कमी तयार करणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आणि मूत्राशय भरल्यावर जाग येण्याची क्षमता, दोन्ही आपल्या वेळेने येतात. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं ही सामान्य गोष्ट आहे, आई-बाबांपैकी कुणाला लहानपणी हे होत असेल तर मुलातही जास्त दिसतं. गादीवर प्लॅस्टिक घाला, झोपण्याआधी शू करवा, आणि सकाळी त्याबद्दल काही बोलू नका.

डॉक्टरांकडे न थांबता कधी जायचं

कडक शी दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल, मूल शी धरून ठेवत असेल, किंवा चड्डीला सारखे डाग पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोट फुगलंय आणि उलट्या होत आहेत, शीतून जास्त रक्त जातंय, वजन वाढत नाहीये, पायांत जोर कमी वाटतो, तर लगेच जा. जन्मापासूनच बद्धकोष्ठ असेल, किंवा बाळाने पहिली काळी शी जन्मानंतर दोन दिवसांतही केली नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवीला जळजळ, ताप, किंवा थेंब थेंब सतत गळणं यांची तपासणी करून घ्या. आणि कोरडं राहणारं मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, खूप शू करू लागलं आणि रोडावलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. लहान मुलांतल्या मधुमेहाची ती खूण असू शकते.

माझी लेक नंतर प्लेग्रुपला गेली, इतर मुलांपेक्षा काही महिने उशिराने. त्या उशिराने तिचं काहीही अडलं नाही. म्हणून प्लेग्रुप चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ही अट काढून टाका. मुलाच्या दप्तरात दोन जादा चड्ड्या मागा, ताईंना धुवायला-बदलायला शिकवा, आणि मूल वयाने बसतं म्हणून त्याला घ्या. आणि आई-बाबांनो, अट असलीच तर महिना-दोन महिने प्रवेश पुढे ढकला, किंवा दुसरी जागा शोधा. शाळा पुढची पंधरा वर्षं आहेच. मुलाच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल भीती बसली, तर ती काढायला फार वेळ लागतो. तुमच्या मुलाची उद्याची शी मऊ होईल की कडक, तेवढं आज बघा. पॉटीवर ते आपल्या पायांनी जाईल.